कोरी चकती

मे महिना. बाहेर शेहेचाळीस,
इनक्युबेटरच्या आत सदतीस.
कामठी रोडवरच्या आमच्या कॉलेजात
सगळ्यात थंड जागा जंतूंना मिळालेली.
औषध किती दिवस टिकतं ते बघायला
चाळीस अंशांची पेटी लागते, महागडी.
बोंद्रे सर म्हणतात, गोळ्या गच्चीवर ठेवा,
नागपूर फुकटात करून देईल.
पण फुकटच्याला प्रमाणपत्र नसतं,
म्हणून आम्ही पेटीच्या रांगेत.

साल आणली उईके मावशींनी.
देवलापारच्या पुढचा धावडा,
भावानं पोत्यात बांधून एसटीच्या सीटखाली सारलेला.
मावशी इथे काचेची भांडी धुतात, एकोणीस वर्षं झाली.
त्यांची आई कुऱ्हाडीचे घाव ह्या सालीच्या पाण्यानं धुवायची.
"जखम सडे नाई," एवढाच त्यांचा शोधनिबंध.
मी त्याला दीडशे पानं जोडणार होते.

वाळवली, कुटली, अर्क काढला सात-सात तास.
नळ गेला की कंडेन्सर तापायचा,
मावशी बादलीनं पाणी ओतत उभ्या राहायच्या.
'साहित्य आणि पद्धती' ह्या प्रकरणात
त्या बादलीचा उल्लेख नाही.

त्याच झाडाच्या डिंकानं गोळ्या बांधल्या.
पहिल्या खेपेला ड्रममध्ये शंभर फेऱ्यांत टोप्या उडाल्या.
दुसऱ्या खेपेला इतक्या घट्ट
की पाण्यात चाळीस मिनिटं
रुसून बसल्या.
गोळीचं सगळं शहाणपण एवढंच:
डबीत धरून राहायचं,
पोटात सोडून द्यायचं.
मला ते अकराव्या खेपेला जमलं. गोळीच्या बाबतीत.

मग ती सकाळ.
खिडकीच्या पट्टीवर कोराडीची राख,
हातात प्लेट, पिवळसर आगर,
त्यावर पसरलेली जंतूंची साय
आणि अर्काच्या चकतीभोवती
स्वच्छ, गोल, अठरा मिलिमीटरचं मोकळं अंगण.
मी ओरडले. मावशी फडकं टाकून धावत आल्या.
मोजपट्टी दोनदा लावली. अठराच.

चौथी चकती कोरी होती.
तिच्यात साल नाही, अर्क नाही, नुसता विद्रावक.
तिच्याभोवती काही व्हायला नको, म्हणूनच ती ठेवायची.
तिच्याभोवती पंधरा.

सर बराच वेळ चष्मा पुसत बसले.
"ही प्लेट सांडली समजा.
कोऱ्या चकतीचा फोटो कोणी मागत नाही."
सर वाईट नाहीत.
त्यांच्या टेबलावर सात प्रबंध आहेत आणि खोलीत पंखा एक.

रात्री वही उलटी चाळली, शेवटाकडून.
मार्चच्या एका पानावर, माझ्याच अक्षरात,
सापडलं: विद्रावक मी पातळ केलाच नव्हता.
जंतू मेले ते त्याच्या तिखटपणानं,
आणि दोन महिने मी धावड्याला
परक्या पराक्रमाचे हार घालत होते.

पुन्हा सगळं. पुन्हा आगर, पुन्हा बादली.
अठरा तासांनी झाकण उचललं.
कोऱ्या चकतीला जंतू चारी बाजूंनी
अगदी काठापर्यंत येऊन भिडलेले, दाट, निर्धास्त.
पहिल्यांदा मला जंतू आवडले.

अर्काभोवती नऊ.
त्यातले सहा चकतीचेच.

मावशींनी प्लेट ट्यूबलाइटखाली धरली,
डोळे बारीक केले.
"कावून वं, कमी झालं?"
"कमीच होतं, मावशी."
"एवढंसंच लिवशील मंग?"
"एवढंसंच."
त्यांनी नखानं झाकणावरून
ती तीन मिलिमीटरची कड हळूच फिरवली.
"पण हे झाडाचंच हाये ना?"
"हो. हे झाडाचं."
"मंग आण ते भांडे इकडं.
नळ आलाय."